नर मारून कळप आवरत नाही

सोलापूर, अहिल्यानगर, वाशीम या जिल्ह्यांतील माळरानालगतच्या गावांत रब्बीची पेरणी आटोपली, की एक प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. हरभरा बोट-दोन बोटे वर येतो न येतो तोच काळविटांचे कळप रानात उतरतात आणि कोवळे शेंडे खुडून टाकतात. कोवळ्या ज्वारीचीही तीच गत होते. चार-पाच एकरांचा धनी रात्रभर मचाणावर जागतो, डबे वाजवतो, आरोळ्या देतो. पहाटे क्षणभर डोळा लागतो आणि तेवढ्या अवधीत शेताचा एक कोपरा उजाड झालेला असतो. अशा वेळी पारावर एक सूचना हमखास ऐकू येते: "माद्या राहू द्या, पण निदान नर तरी मारण्याची मोकळीक द्या. अमेरिकेत नाही का शिंगे मोजून हरणे मारण्याचे परवाने देत?"

सूचना करणाऱ्याचा संताप रास्त आहे. हाताशी आलेले पीक डोळ्यांदेखत जाणे ही साधी गोष्ट नव्हे. तथापि ज्या परवान्यांचा दाखला दिला जातो, त्यांचा इतिहास नीट पाहिला असता या सूचनेच्या नेमका उलट निष्कर्ष निघतो. केवळ नर मारल्याने हरणांचा कळप आटोक्यात येत नाही, हे अमेरिकेने फार मोठी किंमत देऊन शिकून घेतले आहे.

पेनसिल्व्हेनियाचा अनुभव

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात पांढऱ्या शेपटीचे हरीण बेसुमार शिकारीमुळे व जंगलतोडीमुळे दुर्मिळ झाले होते. ते वाचवण्यासाठी १९०७ साली कायदा करून मादी मारण्यास बंदी घालण्यात आली. शिकार करावयाची ती केवळ शिंगे असलेल्या नराची. हा उपाय फलदायी ठरला, इतका की वीस वर्षांच्या आतच त्याचे ओझे होऊन बसले. शिकारी दरवर्षी नर मारीत होते आणि कळप वाढतच होते. शेतकरी पिकांच्या नासाडीच्या तक्रारी करू लागले, जंगलातील कोवळी रोपे नाहीशी झाली आणि हिवाळ्यात चारा न मिळून हरणे उपासमारीने मरू लागली. अखेर १९२८ साली त्या राज्याने नरांची शिकार त्या हंगामापुरती बंद ठेवून माद्यांची शिकार खुली केली. मादी मारू नये, हीच शिकवण ज्यांना मिळाली होती, त्या शिकाऱ्यांनी याला कडाडून विरोध केला. पण कळपाचे गणित कोणाच्या भावनेनुसार चालत नाही.

हे गणित महाराष्ट्रातील कोणत्याही धनगरास ठाऊक आहे. पंचवीस-तीस मेंढ्यांमागे एक नर पुरतो. जास्तीचे नर बाजारात विकले म्हणून पुढील वर्षी कोकरे कमी होत नाहीत. खांडवा कमी करावयाचा तर मेंढ्याच कमी कराव्या लागतात.

समजा, एका कळपात ४० माद्या व २० नर आहेत. त्यांतील १५ नर मारले. उरलेले ५ नर सर्व माद्यांना पुरेसे आहेत. प्रत्येक मादीचे एकच पाडस जगले असे धरले तरी पुढील वर्षी ४५ आणि ४० मिळून ८५ जनावरे होतील. म्हणजे मूळच्या ६० पेक्षा २५ जास्त. त्याऐवजी १५ माद्या कमी झाल्या, तर २५ माद्यांना २५ पाडसे होऊन एकूण संख्या ७० राहील. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची चांगली पोसलेली मादी तर बहुधा जुळ्यांना जन्म देते; त्यामुळे प्रत्यक्षातील तफावत याहून मोठी असते.

शिंगांचा नियम कशासाठी?

मग शिंगे मोजून नर मारण्याचा नियम तेथे कशासाठी आहे? या प्रश्नाच्या उत्तरातच गैरसमजाचे मूळ आहे.

पेनसिल्व्हेनियात पूर्वी शिंगाला फाटा असलेला, किंवा फाटा नसला तरी निदान तीन इंच लांब शिंग असलेला नर मारता येत असे. त्यामुळे मारल्या जाणाऱ्या नरांत दीड वर्षाचे, नुकतीच पहिली शिंगे आलेले नर फार मोठ्या संख्येने असत. पूर्ण वाढीचे नर कळपात विरळ झाले. हे थांबवण्यासाठी २००२ साली नियम बदलला. राज्याच्या बहुतेक भागांत एका शिंगाला निदान तीन टोके आणि पश्चिमेकडील भागात चार टोके असल्याशिवाय प्रौढ शिकाऱ्याने नर मारू नये, असे ठरले.

त्याच वर्षी टेक्सास राज्यातील सहा काउंटींत निराळा नियम लागू करण्यात आला. तेथे टोके न मोजता दोन शिंगांमधील आतले अंतर पाहतात. ते निदान १३ इंच असले पाहिजे. दुरून अंतर कसे मोजावे? त्याची खूण हरणाच्या अंगावरच आहे. सावध उभ्या राहिलेल्या नराच्या दोन कानांच्या टोकांमधील अंतर सुमारे १३ इंच असते. शिंगे कानांच्या टोकांच्या बाहेर पसरलेली दिसली, तरच तो नर मारण्यास योग्य. मात्र ज्याच्या निदान एका शिंगाला फाटाच नाही, असा नरही तेथे मारता येतो.

येथे विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की दीड वर्षाचा, दोन सरळ शिंगांचा एकच तरुण नर पेनसिल्व्हेनियात अवैध ठरतो आणि टेक्सासच्या त्या काउंटींत वैध. दोन्ही नियम जाणत्या माणसांनीच केले आहेत. पहिल्याचा हेतू बहुतेक सर्व तरुण नरांना एक वर्ष अधिक आयुष्य देणे हा आहे. दुसऱ्याचा हेतू फाटे फुटलेल्या तरुण नरांना वाचवणे हा आहे. म्हणजे वैध नर ही निसर्गाने ठरवलेली जात नसून, ज्या हेतूने नियम केला त्या हेतूची ती खूण होय.

शिंगांवरून वयाचा अंदाजही कच्चाच असतो. उशिरा जन्मलेल्या किंवा चारा कमी मिळालेल्या पाडसाला पहिल्या वर्षी नुसती सरळ शिंगे येतात. तेच नर पुढे उत्तम वाढलेले आढळतात. शिंगे दरवर्षी गळून पुन्हा येत असल्यामुळे एका वर्षाच्या शिंगांवरून जनावराची प्रत ठरवणे योग्य नव्हे. म्हणून जाणता शिकारी शरीराची ठेवण पाहतो. तरुण नराची मान बारीक, कंबर आत गेलेली आणि पाय अंगाच्या मानाने लांब दिसतात; वयस्क नराची छाती खोल व माजाच्या काळात मान जाड असते. पक्का निर्णय मिळतो तो दातांवरून. खालच्या जबड्यातील तिसऱ्या उपदाढेचा दुधाचा दात तीन उंचवट्यांचा असतो. तो सुमारे दीड वर्षाच्या वयात पडून त्या जागी दोन उंचवट्यांचा कायमचा दात येतो. पण ही परीक्षा जनावर मेल्यानंतरची!

सारांश, शिंगांचा नियम कळपातील नरांची वये सुधारण्यासाठी आहे. कळपाची संख्या कमी करण्यासाठी तो नाही. संख्या आवरण्यासाठी ती राज्ये माद्यांच्या शिकारीचे वेगळे नियम ठरवतात.

काळविटाची गोष्ट निराळी

काळवीट हा सांबर-चितळांच्या जातीचा प्राणी नव्हे. त्याची शिंगे बिनफाट्याची, पिळाची व कायमची असतात. ती गळत नाहीत. शिंगे बहुधा नरालाच असतात. तरुण नराचा रंग मादीसारखाच तांबूस-पिवळा असतो. वय वाढते तसा तो काळपट होत जातो आणि शिंगांना पीळ चढतो. दुरून, अपुऱ्या उजेडात, आखूड शिंगांचा तरुण नर व मादी यांत फरक करणे सरावलेल्या डोळ्यालाही कठीण जाते.

शिवाय या प्राण्यात थोडेच प्रबळ नर आपापली हद्द राखून प्रजोत्पादन करतात. उरलेले नर वेगळे कळप करून हिंडतात. हद्दीचा एक नर मारला गेला, तर त्याची जागा घेण्यास दुसरा तयारच असतो. त्यामुळे नर मारून काळविटांची संख्या घटेल ही आशा व्यर्थ होय.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. तरुण असो वा वयस्क, नर असो वा मादी, शेतकऱ्याने मारण्यास वैध असा एकही काळवीट नाही. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबत पिकाचे नुकसान हे शिकारीच्या परवानगीचे कारण होऊ शकत नाही. गुन्हा शाबीत झाल्यास तीन ते सात वर्षे कैद आणि निदान २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. रानडुक्कर व रोही यांच्या उपद्रवाबाबत महाराष्ट्र शासनाने २०१५ साली वेगळा निर्णय घेतला. पण तेथेही अर्ज व परवानगी यांचा मार्ग आहे, आणि तो काळविटास लागू नाही. या दोन गोष्टींची गल्लत होऊन एखादे कुटुंब उद्ध्वस्त होऊ नये, ही जबाबदारी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांची आहे.

मागणी कशाची असावी?

याचा अर्थ शेतकऱ्याने मुकाट्याने नुकसान सोसावे असा मुळीच नाही. मागणी करावी, पण ती उपयोगी पडेल अशी करावी.

पहिली मागणी भरपाईची. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीस भरपाई देण्याची तरतूद राज्यात आहे. नुकसान दिसताच त्याच दिवशी छायाचित्रे काढून ठेवावीत, विलंब न लावता वनविभागाकडे अर्ज करावा व त्याची पोच घ्यावी. पंचनामा होईपर्यंत शेत मोडू नये. ग्रामकार्यकर्त्याने अर्ज भरण्यास मदत केली, तर पारावरची निम्मी चीड शांत होईल. तसेच भरपाई वेळेवर हाती पडली पाहिजे, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. पुढच्या पेरणीनंतर आलेला पैसा शेतकऱ्याचा विश्वास परत आणू शकत नाही.

दुसरी मागणी कुंपणाची. ठरावीक ठोक्यांनी सौम्य झटका देणारे सौर कुंपण जनावराला मारीत नाही, पण परतवून लावते. एकट्याने चार एकर कुंपण घालण्यापेक्षा लगतच्या शेतकऱ्यांनी मिळून एका फेऱ्यात शेते घेतली, तर खर्च वाटला जातो. मात्र घरच्या विजेचा प्रवाह तारेत सोडणे हा उपाय नसून मृत्यूचा सापळा आहे. अशा तारेला चिकटून शेजारचा गुराखी, स्वतःचा बैल किंवा घरचे मूलही जाऊ शकते.

तिसरी मागणी संपूर्ण कळपाच्या व्यवस्थापनाची. मध्यप्रदेशातील शाजापूर जिल्ह्यात २०२५ साली हेलिकॉप्टरच्या साह्याने कळप हाकून, नरसाळ्याच्या आकाराच्या कुंपणात घेऊन, शेकडो काळविटे जिवंत पकडण्यात आली व अभयारण्यांत हलवण्यात आली. हे काम खर्चाचे व कौशल्याचे आहे. पण येथे नरांबरोबर माद्याही हलतात, आणि म्हणूनच शेतावरील भार खरोखर कमी होतो. जेथे उपद्रव असह्य आहे, तेथे गणना करून असा उपाय तपासावा, अशी मागणी ग्रामसभेने ठरावाने करावी.

त्याचबरोबर गायरान व माळ यांचा प्रश्नही सोडवावा लागेल. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी स्थापन झालेले अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे आहे. भोवतालचे कुरण नांगराखाली गेले, की तेथील जनावर शेतात येणारच. गावाने गवताचा माळ राखला, तर त्याचा लाभ काळविटाइतकाच गावच्या गुरांनाही होतो.

बंदूक हातात असली, की प्रश्न सुटल्याचे समाधान मिळते. प्रश्न मात्र पुढच्या सुगीत दुप्पट होऊन परत येतो. धनगर आपला खांडवा ज्या शहाणपणाने सांभाळतो, त्याच शहाणपणाने रानातल्या कळपाकडे पाहिले, तर शेतकऱ्याची मागणी नराच्या परवान्यापाशी अडून राहणार नाही. ती वेळेवर भरपाई, सामाईक कुंपण आणि राखलेले कुरण यांची असेल. आणि अशीच मागणी पीकही वाचवील व कायद्यासमोरही टिकेल.