आधी माणसे, मग यंत्रे

अंगणवाडीत मुले तपासायला आलेल्या पथकातला डॉक्टर एखाद्या मुलाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवतो, उचलतो आणि पुन्हा ठेवतो, तेव्हा त्याला बहुधा हृदयातून येणारा जादा आवाज ऐकू आलेला असतो. रडताना ओठ निळे पडतात का, खेळता खेळता दम लागून मूल मध्येच उकिडवे बसते का, असे तो आईला विचारतो. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे अशी मुले सापडू लागली, हे मोठेच काम झाले. रत्नागिरीच्या सिव्हिलमध्ये बाहेरचे तज्ज्ञ बोलावून टू-डी इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, शिबिरे होतात, गरज असेल त्या मुलांना मुंबईला पाठवले जाते आणि खर्चाची तजवीज सरकारी योजनांतून होते. पण शिबिर उरकल्यावर जन्मलेल्या मुलाने पुढच्या शिबिरापर्यंत थांबायचे का?

हा प्रश्न जिवाचा आहे. जन्मणाऱ्या दर हजार बालकांत साधारण आठ-नऊ जणांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. काहींचे छिद्र आपोआप बुजते. काहींना मात्र पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया लागते. मोठ्या छिद्राकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले, तर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांवरचा दाब इतका वाढतो की मग छिद्र बुजवणेच धोक्याचे ठरते. म्हणजे इलाज माहीत असून, योजनेत पैसे असूनही वेळ निघून जाते.

देश गरीब म्हणून हे असेच चालायचे, हे म्हणणे टिकत नाही. फेब्रुवारी १९६८ मध्ये परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपण केले, तेव्हा केपटाऊनमधल्या जगातल्या पहिल्या रोपणाला तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. पण पालिकेच्या रुग्णालयात एवढी जाणती माणसे तयार झाली होती, आणि तीही देश धान्यासाठी परदेशी जहाजांची वाट पाहत होता त्या काळात. पुढे तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाची देशी झडप घडवली. ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली आणि आयात झडपेहून पुष्कळ स्वस्त असल्याने पुढे लाखाहून अधिक रुग्णांपर्यंत पोहोचली. कौशल्य आपल्याकडे आहे. ते मुंबई-पुण्यापाशी थबकले आहे.

मग रत्नागिरीत उद्याच हृदयशस्त्रक्रियेचा विभाग उघडावा का? घाई करू नये. गरीब देशांतला अनुभव असा की परदेशी पथके येतात, आठवडाभर शस्त्रक्रिया करतात आणि निघून जातात. मागे राहते ते बंद यंत्र आणि प्रतीक्षायादी. याउलट सुदानमध्ये खार्टूमजवळ 'इमर्जन्सी' या इटालियन संस्थेने २००७ मध्ये सलाम हे हृदयशस्त्रक्रियेचे केंद्र उघडले, ते शस्त्रक्रिया मोफत करून थांबले नाही. स्थानिक परिचारिका आणि तंत्रज्ञ तयार करणे, घरी गेलेल्या रुग्णांची तपासणी चालू ठेवणे हेही त्याने आपलेच काम मानले. हृदयाची शस्त्रक्रिया एकट्या सर्जनच्या हातची नसते. भूलतज्ज्ञ, हृदय थांबवलेले असताना रक्ताभिसरण सांभाळणारा परफ्युजनिस्ट, अतिदक्षता विभागातल्या अनुभवी सिस्टर, चोवीस तास रक्तपेढी, यंत्र बिघडले तर त्याच दिवशी हात लावणारा अभियंता, एवढी सगळी माणसे लागतात. आणि महिन्याकाठी दोन-चार शस्त्रक्रिया करून त्यांचा हात बसत नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य तर मुंबईत काढायचे नसतेच. झडपेच्या आजाराचेच पाहा. लहानपणी घसा वारंवार धरतो, त्यातून संधिवाताचा ताप येतो आणि पुढे हृदयाची झडप खराब होते. दाटीवाटीने राहणाऱ्या गरिबांच्या घरांतला हा आजार आहे. ताप वेळीच ओळखून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले, तर पुष्कळ मुलांवर झडप बदलण्याची वेळच येत नाही. ज्यांना धातूची झडप बसते, त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि 'पीटी-आयएनआर' ही तपासणी नियमित करावी लागते. मात्रा कमी पडली तर गुठळी होऊन झडप अडकते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. झडप बसवलेल्या मुलीला दिवस गेले, तर काही गोळ्या गर्भालाही अपाय करतात. मंडणगड किंवा राजापूरच्या वाडीतल्या बाईने अर्धी गोळी वाढवायची की कमी करायची, हे विचारायला रातराणीने परळ गाठायचे? बरोबर जाणाऱ्या नवऱ्याची बुडालेली मजुरी आणि नातेवाइकाच्या खोलीवरचा मुक्काम कोणत्याच योजनेच्या हिशेबात धरला जात नाही. म्हणून तपासणी टळते, आणि लाखो रुपयांची शस्त्रक्रिया काही रुपयांच्या तपासणीअभावी वाया जाते.

रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने खेड्यातही मोठे रुग्णालय चालवता येते, हे केव्हाच दाखवले आहे. तेव्हा पायऱ्या ठरवून चालता येईल. सिव्हिलमध्ये टू-डी इको रोज व्हावी आणि ती करणारा डॉक्टर कायमचा असावा. मुलांचा हृदयतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी दर महिन्याला यावा. नऊही तालुक्यांत आयएनआरची सोय आणि पेनिसिलिनचा साठा असावा. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद जिल्ह्यात राहावी आणि तारीख चुकली की आशाताईने घरी जाऊन चौकशी करावी. याच काळात इथले डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ केईएमसारख्या ठिकाणी शिकायला पाठवावेत. ते परतले की रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी मिळून शस्त्रक्रियेचा विभाग उघडावा.

यासाठी पदे मंजूर करून ती भरावी लागतील. यंत्राची खरेदी एका वर्षाच्या निधीत बसते, माणसांचा पगार दरवर्षी द्यावा लागतो, म्हणून सरकारला पहिले सोपे वाटते. लोकप्रतिनिधींनी यापुढे कॅथलॅबची घोषणा केली, की रत्नागिरीकरांनी एकच विचारावे: ती चालवणाऱ्यांच्या नेमणुकीचे आदेश कुठे आहेत?