पाकिटावरचे नाव



टपालाने आलेल्या पत्राच्या पाकिटावर पाठविणाऱ्याचे नाव कोणीही लिहू शकतो, हे आपण सर्वजण जाणतो. परंतु ई-मेलवर आपल्या बँकेचे नाव व बोधचिन्ह दिसले की हा साधा विवेक आपण विसरतो. वस्तुतः तेथे दिसणारे नावही तितक्याच सहजतेने कोणालाही घालता येते.

अशा बनावट पत्रांचा मजकूर बहुधा ठराविक असतो. ‘आपली केवायसी अपूर्ण आहे, आज सायंकाळपर्यंत पूर्तता न झाल्यास खाते बंद होईल, खालील दुव्यावर माहिती भरावी.’ त्यात भय असते, घाई असते आणि सुटकेचा एकच मार्ग दाखविलेला असतो. दुवा उघडताच बँकेच्या संकेतस्थळासारखे हुबेहूब पान समोर येते. तेथे भरलेला परवलीचा शब्द भामट्याच्या हाती पडतो व तो खऱ्या संकेतस्थळावर त्याचा तत्काळ उपयोग करतो. मग आपल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तोही आपण त्या पानावर लिहिला, म्हणजे तिजोरीची दुसरी किल्लीही आपल्याच हाताने दिली असे होते.

यावर उपाय कोणता? पहिला हा की, पत्रातील दुव्याने बँकेत जाऊच नये. शंका आल्यास पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर विचारावे, अथवा शाखेत जावे. दुसरा, संकेतस्थळाचा पत्ता नीट वाचावा. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगतची डावीकडील अक्षरे खरी महत्त्वाची. त्यांच्याही आधी बँकेचे नाव कोणीही जोडू शकतो. ही ओळख सुलभ व्हावी म्हणून रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर येण्यास सांगितले व त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. तिसरा, ओटीपी, पिन व परवलीचा शब्द कोणासही सांगू नये. खरी बँक ते विचारीत नाही.

तथापि सावध माणूसही एखादे वेळी फसतो. तेव्हा प्रत्येक मिनिट मोलाचे असते, कारण चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असते आणि ती वाटेतच रोखता आली तर परत मिळण्याची आशा राहते. म्हणून तत्काळ बँकेला कळवून खाते गोठवावे आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य-क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरविले होते की, दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून अन्यत्र असेल आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने कळविले, तर त्याच्यावर नुकसानीचा भार पडणार नाही. त्याच परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे, असे ठरले होते. म्हणजे दोन्ही परिस्थितींत विलंब हाच घातक ठरतो.

आणि हा विलंब बहुतेक वेळा लज्जेमुळे होतो. समजा, एखाद्या घरातील निवृत्त वडिलांची आयुष्यभराची शिल्लक अशा रीतीने गेली. मुले काय म्हणतील, या भीतीने ते दोन दिवस गप्प राहिले, तर जे वाचविता आले असते तेही जाते. फसविणारे हे लोक हाच धंदा दिवसरात्र करीत असतात. त्यांच्या जाळ्यात सापडणे हा मूर्खपणाचा पुरावा नव्हे. यास्तव घरात कोणी असे सांगितले, तर ‘असे कसे केलेत?’ हा प्रश्न प्रथम विचारू नये. आधी बँकेला दूरध्वनी करावा.

आज रात्रीच्या जेवणानंतर एवढे अवश्य करावे. आपल्या बँकेचा क्रमांक आणि १९३० हे दोन्ही एका कागदावर ठळक लिहून, घरातील सर्वांना, विशेषतः वडीलधाऱ्यांना, सहज दिसेल अशा जागी लावावेत आणि ते कशासाठी आहेत हे सर्वांना समजावून सांगावे.