मतदाराला मूर्ख ठरविण्यापूर्वी

वॉशिंग्टनचे महापौर मॅरियन बॅरी यांना १९९० साली अमली पदार्थ बाळगल्याबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली. १९९४ मध्ये त्याच शहराने त्यांना पुन्हा महापौर केले. सुशिक्षितांनी कपाळाला हात लावला आणि ‘लोकांची लायकीच ही’ असा शेरा मारला. हा शेरा म्हणजे निव्वळ वर्गीय अहंकार होय. बॅरी यांनी १९७९ मध्ये उन्हाळी रोजगार योजना सुरू केली, तेव्हा गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांतील मुलांच्या हाती कमाई आली. नीतिमान म्हणविणाऱ्यांनी त्या वस्त्यांना काय दिले? उपदेश!

म्हणून बॅरी निर्दोष ठरत नाहीत. कामाचा हक्क ही नेत्याची मेहेरबानी झाली की नागरिकाचा आश्रित होतो, आणि आश्रिताला जाब विचारता येत नाही. शहराची तिजोरी रिती झाली. १९९५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने वित्तीय नियंत्रण मंडळ स्थापून लोकनियुक्त सत्तेचे पंख छाटले. त्या काँग्रेसमध्ये मताधिकार असलेला वॉशिंग्टनकरांचा एकही प्रतिनिधी नव्हता, आजही नाही. दंड भरला तो मतदारांनीच.

कलंकित नेत्याला हरवायचे असेल, तर मतदाराची टवाळी कामाची नाही. त्याच्या मुलाला रोजगार हक्काने मिळवून देणारे राजकारण उभे केले पाहिजे.