उभ्या गाडीची बॅटरी

हंगाम सरला की अनेक व्यापारी कुटुंबांतील डिझेल गाडी आठवडेच्या आठवडे दारात उभी राहते. गाडीला विश्रांती मिळते. बॅटरीला मात्र नाही. घड्याळ, चोर-अलार्म, संगणकीय यंत्रणा यांना वीज लागतच असते. हा प्रवाह केवळ ५० मिलिअँपिअर धरला, तरी ३० दिवसांत ३६ अँपिअर-तास खर्ची पडतात. ७० अँपिअर-तासांच्या बॅटरीची ही निम्मी पुंजी होय; आवक शून्य आणि जावक रोजची!

डिझेल इंजिनात हवा अधिक दाबली जात असल्याने ते फिरविण्यास पेट्रोल इंजिनाहून मोठा प्रवाह लागतो. म्हणून किंमत वाचविण्यासाठी लहान बॅटरी बसविणे हा खोटा हिशेब. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलीच क्षमता घ्यावी, आणि निर्मितीचा महिना पाहून घ्यावी. दुकानात पडून राहिलेला माल उतरतो, हे व्यापाऱ्यास निराळे सांगावयास नको.

आठवड्यातून दहा मिनिटे जागेवरच इंजिन चालू ठेवण्याची प्रथा घरोघर आढळते. डिझेल जळते, धूर होतो, भरपाई मात्र अपुरीच. त्याऐवजी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवून आणावी. तेही न जमल्यास हवेशीर जागी स्वयंचलित चार्जर लावावा, किंवा ऋण टोकाची तार सोडवून ठेवावी. काही तास स्वस्थ असलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवीत असेल तर ती भरलेली समजावी, आकडा १२.४ च्या खाली गेल्यास विलंब न करता चार्ज करावी. रित्या ठेवलेल्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात, आणि मग भरलेला चार्जही टिकत नाही.