छोट्या महाविद्यालयांच्या संघांनाही देशपातळी हवी

शिरपूर जैनच्या पंचक्रोशीतला एखादा मुलगा मालेगाव किंवा वाशीमच्या महाविद्यालयाकडून बास्केटबॉल खेळू लागला, तर त्याच्या संघाची धाव फार तर संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपर्यंत. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि पश्चिम विभागीय, अखिल भारतीय स्पर्धांत तोच उतरतो. महाविद्यालयाचे नाव विद्यापीठाच्या वेशीवरच थांबते. निवडलेल्यांना कलर कोट मिळतो, बाकीचे एसटी पकडून घरी येतात.

निवडक खेळाडूंचा संघ बलवान असतो, यात शंका नाही. पण बास्केटबॉल एकावेळी पाच जण खेळतात. कोण कुठे धावेल, पास कुठे पडेल, हे वर्षभर एकत्र घाम गाळल्यावर अंगवळणी पडते. असा जुळलेला संघ मोडून त्यातला एखादाच पुढे न्यायचा, हे त्या खेळावर अन्याय करणारे आहे.

छोट्या महाविद्यालयांच्या संघांना देशपातळी मिळावी, याला खुद्द बास्केटबॉलच्या जनकाचाही पाठिंबा होता. जेम्स नेस्मिथ यांनी 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा पदकांसाठी खेळला गेला, तेव्हा प्रशिक्षकांच्या संघटनेने वर्गणी काढून नेस्मिथना तिथे पाठवले. अंतिम सामना उघड्या मैदानावर झाला. पावसाने इतका चिखल केला की चेंडू टप्पा घेईना. अमेरिकेने कॅनडाला 19-8 असे हरवले. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवत होते!

पुढच्याच वर्षी, 1937 मध्ये, एमिल लिस्टन यांच्या पुढाकाराने आणि नेस्मिथ यांच्या पाठबळाने कॅन्सस सिटीत छोट्या महाविद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा भरली. पहिल्या वर्षी संघ आठ, दुसऱ्या वर्षी बत्तीस. एकच सभागृह, एकच आठवडा, हरला तो बाहेर. विजेत्याला लागोपाठ पाच सामने जिंकावे लागत. आज एनएआयए या नावाने ओळखली जाणारी संघटना याच स्पर्धेतून उभी राहिली.

कृष्णवर्णीय खेळाडूंसाठीही इथे दारे उघडली, तीही भांडूनच. 1947 मध्ये इंडियाना स्टेटचे प्रशिक्षक जॉन वुडन यांनी आमंत्रण नाकारले, कारण क्लॅरेन्स वॉकर या कृष्णवर्णीय खेळाडूला खेळायला मनाई होती. 1948 मध्ये बंदी उठली, वॉकर खेळला, संघ थेट अंतिम फेरीत पोहोचला. पुढे जॉन मॅकलेंडन यांच्या टेनेसी स्टेटने 1957 ते 1959 सलग तीन विजेतेपदे मिळवली. मॅकलेंडन हे कॅन्सस विद्यापीठात नेस्मिथ यांचे विद्यार्थी. कृष्णवर्णीय म्हणून त्यांना तिथल्या संघात जागा नव्हती. स्कॉटी पिपेन आणि डेनिस रॉडमन हे एनबीएचे तारेही याच संघटनेच्या छोट्या महाविद्यालयांतून आले. पिपेन तर सुरुवातीला संघाचे सामानसुमान सांभाळत असे.

आपल्याकडे हे अशक्य नाही. विद्यार्थिसंख्येनुसार गट पाडावेत. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या छोट्या गटातला विजेता संघ त्याच महाविद्यालयाच्या नावाने राज्य स्पर्धेत पाठवावा आणि राज्याचा विजेता देशपातळीवर खेळावा. विद्यापीठांचे संघ आहेत तसे राहू द्या. दोन्ही स्पर्धा सुखाने नांदतील. खर्चाचा मुद्दा येईलच. पण 28 बाय 15 मीटरचे सिमेंटचे मैदान, 3.05 मीटरवर घट्ट बसवलेल्या दोन रिंगा आणि रात्रीचे दिवे एवढी सोय तालुक्यात एका ठिकाणी करणे सरकारला जड नाही.

स्पर्धा दरवेळी पुण्या-नागपुरातच का? शिरपूर जैनला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनासाठी देशभरातून यात्रेकरू येतात. पाहुण्यांची राहण्या-जेवणाची व्यवस्था करणे या गावाला नवे नाही. सोळा संघ आले तर प्रत्येकी बारा खेळाडू धरून दोनशेच्या आत मुले होतात. गावाला मैदान द्या, डिसेंबरातला एक आठवडा ठरवा आणि शाळेच्या पोरांना सामने फुकट बघू द्या.