सूर आणि दणका

'मेटॅलिका' या अमेरिकन रॉक बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम सप्टेंबर २००८ मध्ये आला. गाणी आवडली, पण आवाज कानाला टोचतो, अशी अनेक चाहत्यांची तक्रार होती. सगळेच मोठ्याने ऐकू यावे म्हणून हळू आणि जोरकस भागांतला फरक दाबून टाकला होता. 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी मोकळी वाटली. हजारोंनी नव्या ध्वनिमिश्रणाची मागणी केली. काहींना मात्र तोच दणका भावला.

आम्हांला वाटते, संगीताला आणि आवाजाला गुण वेगवेगळे द्यावेत. आपल्या स्नेहसंमेलनातही मुले सुरेल गातात आणि आपण स्पीकर वाढवत नेतो. यंदा तो थोडा कमी ठेवू या. पालक आणि विश्वस्त मंडळींनी साथ द्यावी, ही विनंती.