सेलरी : मातीतली आणि पाण्यातली

सुपाच्या निमित्ताने आपल्याही स्वयंपाकघरांत शिरलेली सेलरी ही मूळची दलदलीकाठची, कोथिंबीर-ओव्याच्या कुळातली. मुळे उथळ, तहान मोठी. म्हणूनच तिला मातीवाचून पाण्यात वाढविण्याची कल्पना आम्हांस विक्षिप्त वाटत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम गेरिके यांनी या पद्धतीस १९३७ साली ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव रूढ केले.

मातीत पाण्याच्या पाळीत खंड पडला, की देठ चिवट होतात. कोवळ्या पानांपर्यंत कॅल्शियम न पोचल्याने गाभाही काळा पडतो. द्रावणात तहानेची चिंता नाही, देठ रसाळ निघतात. पण बुडालेल्या मुळांना श्वासही हवा! ऐन उन्हाळ्यात वीज गेली, पंप थांबला, की कोमट पाण्यातला प्राणवायू सरतो आणि मुळे कुजू लागतात. माती अशा वेळी बरेच काही पोटात घालते.

तेव्हा ज्यांना अंगण आहे, त्यांनी शेणखत घालून हिवाळी वाफाच करावा, असे आम्ही सुचवू. नुसती गच्ची असेल, तर झाकणाच्या बादलीत द्रावण भरून रोप वर टांगावे. पाणी उतरेल तसतशी मुळांची वरची बाजू हवेत राहू द्यावी. यास पंप लागत नाही. द्रावण मात्र मोजूनमापून करावे, अंदाजपंचे खत कालवू नये.